'फाउंडेशन' पहिल्यांदा वाचताना: क्रम, वही आणि गृहीतकांचं पान

आयझॅक असिमोव्हची 'फाउंडेशन' मालिका वाचायचं मनावर घेतलं की पहिली अडचण पुस्तकांच्या कपाटासमोरच येते. सात जाडजूड इंग्रजी पुस्तकं, सगळ्यांच्या नावात 'फाउंडेशन', आणि सुरुवात कुठून करायची याबद्दल तीन माणसांची तीन मतं. मी कॉलेजात असताना ग्रंथालयातून 'प्रिल्यूड टू फाउंडेशन' उचललं होतं, कारण कथा कालक्रमाने तिथून सुरू होते असं कोणीतरी सांगितलं. ते संपवून पहिल्या पुस्तकाकडे गेलो तेव्हा ज्या गोष्टींनी मी चकित व्हायला हवं होतं त्यातल्या अर्ध्या मला आधीच ठाऊक होत्या. ती हुरहुर अजून आहे. म्हणून ही मालिका नव्याने हातात घेणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

1 ऑगस्ट 1941. एकवीस वर्षांचा असिमोव्ह न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने 'अस्टाउंडिंग' मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांना भेटायला निघाला होता आणि नवी कथा काही सुचलेली नव्हती. हातातलं गिल्बर्ट आणि सलिव्हन यांच्या संगीतिकांचं पुस्तक त्याने सहज कुठेतरी उघडलं. समोर चित्र आलं: पहाऱ्यावरच्या शिपायाच्या पायाशी बसलेली पऱ्यांची राणी. शिपायावरून सैन्य, सैन्यावरून साम्राज्य, साम्राज्यावरून रोम आणि गिबनने लिहिलेला रोमच्या ऱ्हासाचा इतिहास, असं करत ऑफिसात पोचेपर्यंत त्याच्या मनात संपूर्ण आकाशगंगेवर पसरलेलं आणि आता कोसळू लागलेलं एक साम्राज्य तयार होतं. कॅम्पबेल यांनी एका कथेवर समाधान मानलं नाही, कथांची मालिकाच मागितली.

कथाबीज थोडक्यात असं. साम्राज्य बारा हजार वर्षं टिकलं आहे. हॅरी सेल्डन हा गणिती 'सायकोहिस्टरी' नावाचं शास्त्र उभं करतो. वायूतला एक रेणू कुठे जाईल ते सांगता येत नाही, पण भांड्यातल्या सगळ्या वायूचा दाब मात्र अचूक सांगता येतो. सेल्डनचं म्हणणं माणसांच्या समूहाबद्दल तेच आहे. त्याच्या गणितानुसार साम्राज्य पडणार हे नक्की आणि नंतरचं अंधारयुग तीस हजार वर्षांचं असणार. नीट आखणी केली तर ते एक हजार वर्षांवर आणता येईल. त्यासाठी आकाशगंगेच्या काठावरच्या टर्मिनस या दरिद्री ग्रहावर तो शास्त्रज्ञांची एक वसाहत वसवतो. तीच फाउंडेशन.

एवढ्यावर थांबा. पाठीमागचा मजकूर, प्रस्तावना, इंटरनेटवरचे सारांश, काहीही वाचू नका. या मालिकेत दोन मोठी रहस्यं आहेत: एका माणसाची ओळख आणि एका जागेचा पत्ता. दोन्ही एका ओळीत फुटतात. पुस्तकांवरची टीव्ही मालिका पाहिली असेल तर तिच्यातलं कथानक बाजूला ठेवा. 2021 पासून आलेल्या त्या मालिकेतली सम्राटांच्या प्रतिकृतींची (क्लोनची) परंपरा पुस्तकात कुठेही नाही.

पायरी पहिली: क्रम ठरवा

प्रकाशनाच्या क्रमाने वाचा. 'फाउंडेशन' (1951), 'फाउंडेशन अँड एम्पायर' (1952), 'सेकंड फाउंडेशन' (1953). मग मोठा खंड. मग 'फाउंडेशन्स एज' (1982), 'फाउंडेशन अँड अर्थ' (1986), 'प्रिल्यूड टू फाउंडेशन' (1988) आणि लेखकाच्या मृत्यूनंतर आलेलं 'फॉरवर्ड द फाउंडेशन' (1993).

'प्रिल्यूड'च्या सुरुवातीला स्वतः असिमोव्हने आपल्या रोबो, साम्राज्य आणि फाउंडेशन या तिन्ही मालिकांची पुस्तकं कथेतल्या कालक्रमाने मांडून दिली आहेत. तरीही मी नव्या वाचकाला त्या वाटेने पाठवणार नाही. ही मालिका लिहिताना लेखक आपल्याच आधीच्या पुस्तकाला प्रश्न विचारत गेला आहे. प्रश्न ज्या क्रमाने पडले त्याच क्रमाने ऐकले तर उत्तरांना वजन येतं.

सातही पुस्तकं एकदम विकत घेऊ नका. पहिली तीन घ्या, ती एकत्र छापलेली आवृत्तीही मिळते. 1966 साली सार्वकालिक सर्वोत्तम मालिका म्हणून विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला तो या तिघांनाच, तेव्हा बाकीची लिहिलीही गेली नव्हती.

पायरी दुसरी: वही

ही वाटते तितकी शाळकरी गोष्ट नाही. या मालिकेत दर ऐंशी-शंभर पानांनी पात्रं बदलतात, कारण मधे तीस, पन्नास, शंभर वर्षं निघून जातात. कालच्या प्रकरणातला धडधाकट महापौर आज पुतळा झालेला असतो. वहीत नोंद नसेल तर तिसऱ्या पुस्तकात कोणीतरी आदराने 'हार्डिन' म्हणेल आणि तुम्हाला तो चेहरा आठवणार नाही.

एक पान नावांसाठी आणि फाउंडेशन सनासाठी ठेवा. वसाहत स्थापन झाली ते वर्ष एक धरून त्यांची कालगणना चालते. दुसरं पान वस्तूंसाठी, त्याची गंमत पुढे सांगतो. तिसरं पान सगळ्यांत महत्त्वाचं आहे, त्यावर शीर्षक घाला: गृहीतकं.

सेल्डनचं शास्त्र काही अटींवर उभं आहे. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच भागात, प्रकरणाच्या डोक्यावर छापलेल्या, एका काल्पनिक कोशातल्या उताऱ्यात दोन अटी येतात: समूह पुरेसा मोठा हवा, आणि त्या समूहाला स्वतःबद्दल केलेल्या भाकिताची माहिती नसावी. हे उतारे लोक ओलांडून जातात. तसं करू नका. दोन्ही अटी शब्दशः उतरवून घ्या आणि खाली भरपूर जागा सोडा. पुढच्या पुस्तकांमध्ये कधी यातली एक अट कोणीतरी मोडतं, कधी न बोललेली तिसरी अट उघडी पडते. माझ्या मते या सात पुस्तकांचं खरं कथानक त्या पानावर घडतं.

पायरी तिसरी: पहिलं पुस्तक सावकाश

पानं फार नाहीत, बहुतेक आवृत्त्यांत अडीचशेच्या आसपास. पण ही कादंबरी नाही, पाच कथांची माळ आहे. शेवटच्या चार 1942 ते 1944 या काळात मासिकात आल्या. ट्रँटॉर या साम्राज्याच्या राजधानीच्या ग्रहावर घडणारा पहिला भाग मात्र 1951 च्या पुस्तकासाठी मुद्दाम नव्याने लिहिला. दर भाग एका बैठकीत वाचा आणि भागांच्या मधे एक दिवस जाऊ द्या. मासिकाच्या वाचकाला महिनोन्महिने थांबावं लागायचं, त्यामुळे प्रत्येक कथा मागचं थोडं पुन्हा सांगते. सलग वाचलं तर ते पुन्हा सांगणं खटकतं, एक रात्र मधे गेली तर उपयोगी पडतं.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. लढाई पाहायला बसू नका. या पुस्तकात माणसं खोल्यांमध्ये बसून बोलतात. अवकाशयानांची युद्धं होतात ती बहुतेक दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत. पुढे 1982 चं पुस्तक लिहिण्याआधी असिमोव्हने आपलीच पहिली तीन पुस्तकं पुन्हा वाचली तेव्हा काहीतरी घडेल म्हणून तो वाट पाहत राहिला आणि विचार व संभाषणं यांखेरीज काही घडलंच नाही, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. पण संभाषणात काय घडतं ते पाहा. टर्मिनसजवळ ना धातू, ना सैन्य. भोवतालची चार राज्यं साम्राज्यापासून तुटून स्वतंत्र झालेली. आपल्याकडे औरंगजेबानंतर सुभेदारांनी दिल्लीचं नाव घेत घेत आपापली घरं थाटली, ते आठवणाऱ्या मराठी वाचकाला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. साल्व्हर हार्डिन हा महापौर या चौघांमध्ये तोल सांभाळतो. हिंसा हा नालायकांचा शेवटचा आसरा, हे त्याचं वाक्य या पुस्तकातलं सर्वांत गाजलेलं. पुढच्या पिढीत तोच तोल धर्माने सांभाळला जातो, त्याच्या पुढच्या पिढीत व्यापाराने.

इथे वहीत लिहा: निर्णय कोणी घेतला? सेल्डनचं गणित म्हणतं की एकट्या माणसाला किंमत नाही. मग हार्डिन आणि पुढचा व्यापारी होबर मॅलो यांच्या हुशारीशिवाय गोष्ट पुढे का सरकत नाही? लेखकाचं उत्तर असं आहे की प्रत्येक संकटात परिस्थितीच अशी आवळत जाते की एकच वाट उरते, हुशार माणूस ती फक्त ओळखतो. तुम्हाला हे पटतं का? दोन ओळी लिहून ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे.

वस्तूंच्या पानाची गंमत अशी. आकाशगंगेच्या त्या दूरच्या भविष्यात महापौर सिगार ओढतो. संगणक म्हणावा असा कुठेच नाही. मात्र 1951 साठी लिहिलेल्या त्या पहिल्या भागात म्हातारा सेल्डन कमरेच्या पिशवीतून गणनयंत्राची पाटी काढतो, बटणं दाबतो आणि तिच्यावर लाल चिन्हं उजळतात. खिशात मावणारी गणकयंत्रं बाजारात यायला तेव्हा दोन दशकं बाकी होती. अशा नोंदी करत गेलात तर 1982 च्या पुस्तकात शिरताना आपण दुसऱ्या काळात आलो हे लगेच जाणवेल. आणखी एक नोंद करा: या पुस्तकात बायका किती आहेत आणि त्यांना किती वाक्यं आहेत. हाताच्या बोटांवर मोजाल.

पायरी चौथी: दुसरं पुस्तक, आणि इथे जीव ओता

'फाउंडेशन अँड एम्पायर' मध्ये दोनच लांब कथा आहेत आणि त्या एकमेकींसमोर आरशासारख्या ठेवल्या आहेत. पहिलीत मरणपंथाला लागलेल्या साम्राज्याचा शेवटचा कर्तबगार सेनापती बेल रिओज फाउंडेशनवर चालून येतो. हे पात्र सहाव्या शतकातल्या बेलिसॅरियस या रोमन सेनापतीवर बेतलेलं आहे. सम्राट जस्टिनियनसाठी त्याने मुलुख जिंकले आणि त्याच सम्राटाला त्याचा धाक वाटत राहिला. कथा वाचताना कोण जिंकतं याहून, का जिंकतं याची शेवटी जी कारणं सांगितली आहेत ती वहीत उतरवा. एकाही व्यक्तीच्या धडपडीचा निकालावर काडीइतका परिणाम होत नाही. समूहाचा नियम इतक्या ठामपणे मालिकेत पुन्हा कुठे मांडलेला नाही.

आणि पान उलटलं की दुसरी कथा: 'द म्यूल'.

1945 मध्ये कॅम्पबेल यांनी असिमोव्हला सांगितलं की आता सेल्डनची योजना मोडून दाखव. असिमोव्ह हादरला, नको म्हणाला आणि शेवटी लिहायला बसला. मला वाटतं या मालिकेला आज जो मान आहे तो त्या एका आग्रहामुळे आहे. आतापर्यंत वाचकालाही फाउंडेशनच्या लोकांसारखीच सवय लागलेली असते: सेल्डनने पाहून ठेवलंय, काहीतरी मार्ग निघेलच. टर्मिनसवरच्या काळघर नावाच्या खोलीत सेल्डनची आधीच चित्रित करून ठेवलेली आकृती ठरल्या दिवशी प्रकट होते तो या कथेतला प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून गच्चीवर फेऱ्या मारल्या होत्या. काय झालं ते सांगत नाही. तुम्ही तो प्रसंग रात्री उशिरा, सलग वाचा.

ही कथा वाचताना बायटा डॅरेलवर लक्ष ठेवा. पहिल्या पुस्तकात बायका जवळपास नव्हत्या. इथे सगळ्या मालिकेचा भार शेवटच्या पानांत एका तरुण स्त्रीच्या एका कृतीवर येतो आणि ती कृती तिला का करावी लागली याचं कारण गणितात बसत नाही, साध्या माणुसकीत बसतं. तुलनेसाठी पहिल्या पुस्तकातला कोणताही नायक तिच्याशेजारी उभा करून पाहा.

मग गृहीतकांचं पान उघडा. कथेच्या उत्तरार्धात एब्लिंग मिस हा शास्त्रज्ञ सेल्डनने धरून चाललेल्या आणखी गोष्टी बोलून दाखवतो. त्यातली एक अशी: बाहेरच्या कोणत्याही उद्दीपकाला माणसं जो प्रतिसाद देतात तो हजार वर्षांनंतरही तसाच राहील. साधी वाटणारी ही अट का मोडू शकते हे लक्षात आलं की रहस्य शेवटाआधीच उकलण्याची संधी तुम्हाला मिळते. सगळे धागे डोळ्यांदेखत ठेवलेले असतात. मी ते पाहिले नव्हते.

पायरी पाचवी: तिसरं पुस्तक

'सेकंड फाउंडेशन' लगेच घ्या, मधे सुट्टी नको. यातही दोन भाग. पहिल्यात म्यूल शोध घेतो, दुसऱ्यात फाउंडेशन. कशाचा, ते नावातच आहे. दुसऱ्या भागाची सुरुवात चौदा वर्षांच्या आर्केडी डॅरेलच्या शाळेतल्या निबंधाने होते. इतकी वर्षं चाललेली गोष्ट नव्या वाचकाला सांगण्यासाठी असिमोव्हला ही युक्ती करावी लागली. तुम्हाला तो निबंध वही तपासायला उपयोगी आहे: आपल्या नोंदीत काय सुटलं ते त्या मुलीकडून कळतं. ती बायटाची नात आहे आणि बोललेलं लिहून काढणाऱ्या आपल्या लेखनयंत्रावर तिचा फार जीव आहे. वस्तूंच्या पानावर तेही टिपा.

या पुस्तकात एकामागून एक उकली येतात, प्रत्येक आधीची खोटी ठरवते. कोड्याच्या आनंदासाठी मला हे तिघांत सर्वांत घट्ट विणलेलं वाटतं, पण दुसऱ्या पुस्तकाची भावनिक उंची याला नाही. शिवाय एक अस्वस्थ करणारा प्रश्न इथे दार उघडून आत येतो. दुसरी अट आठवा: समूहाला भाकीत माहीत नसावं. मग ते ज्यांना माहीत आहे त्या मूठभरांनी बाकीच्यांशी कसं वागायचं? पुस्तक या मूठभरांकडे कौतुकाने बघतं की भीतीने, ते स्वतः ठरवा.

पायरी सहावी: थांबा, मग 1982

तिसऱ्यानंतर निदान महिनाभर दुसरं काही वाचा. प्रकाशक आणि वाचक मागे लागले तरी असिमोव्हने स्वतः जवळजवळ तीस वर्षं ही मालिका पुढे नेली नव्हती.

'फाउंडेशन्स एज' ही खऱ्या अर्थाने पहिली कादंबरी: एकच कथा, जवळजवळ दुप्पट जाडी, फाउंडेशन सन 498. गोलन ट्रेव्हाइझ हा राजकारणी आणि जानोव्ह पेलोराट हा पुराणकथांचा अभ्यासक एका यानातून निघतात. ट्रेव्हाइझ टेबलावर हात ठेवतो आणि यानाचा संगणक त्याच्या मनाशी जोडला जातो. सिगार ओढणाऱ्या महापौरापासून आपण कुठवर आलो ते वस्तूंच्या पानावर दिसेल. या पुस्तकाला 1983 चा ह्यूगो मिळाला. शेवटी ट्रेव्हाइझला एक निवड करावी लागते, आणि जी मालिका एकट्या माणसाला किंमत नाही असं म्हणत सुरू झाली तिच्यात अख्ख्या आकाशगंगेचा निर्णय एका माणसाच्या अंतःप्रेरणेवर येऊन ठेपतो. पहिल्या पुस्तकाच्या वेळी लिहिलेल्या त्या दोन ओळी आता काढून वाचा.

'फाउंडेशन अँड अर्थ' घेण्याआधी एक वळण घ्या असा माझा आग्रह आहे. असिमोव्हच्या रोबो-कादंबऱ्यांपैकी 'द केव्ह्ज ऑफ स्टील' (1954) आणि 'द नेकेड सन' (1957) तरी वाचून या. सवड असेल तर 'द रोबोज ऑफ डॉन' (1983) आणि 'रोबोज अँड एम्पायर' (1985) देखील. 'अर्थ' मधला प्रवास 'द नेकेड सन' मधल्या सोलारिया या ग्रहावर जातो. तिथली माणसं दुसऱ्या माणसाचा सहवासही सहन करू शकत नाहीत, आणि हजारो वर्षांत त्या सवयीचं काय झालं हे पाहताना आधीचं सोलारिया ठाऊक असेल तर अंगावर काटा येतो. ठाऊक नसेल तर तो आणखी एक विचित्र ग्रह उरतो.

खुद्द 'अर्थ' बद्दल मोकळेपणाने सांगतो: ते लांबलं आहे. ट्रेव्हाइझ आणि त्याची सहप्रवासी ब्लिस यांचे वाद पुन्हा पुन्हा त्याच जागी येतात. कंटाळा आला तर ते वाद भरभर वाचा, पण शेवटची काही पानं अजिबात चाळू नका. सेल्डनने कधी उच्चारलंच नव्हतं असं आणखी एक गृहीतक तिथे सापडतं. इतकं उघड, की 1942 पासून कोणालाच ते लिहून ठेवावंसं वाटलं नव्हतं. तुमच्या पानावरची रिकामी जागा त्यासाठी होती.

पायरी सातवी: मागे जा

शेवटची दोन पुस्तकं सेल्डनच्या तारुण्यापासून वार्धक्यापर्यंतची. 'प्रिल्यूड' मध्ये तो बत्तीस वर्षांचा आहे आणि पळतो आहे. ट्रँटॉर हा चाळीस अब्ज वस्तीचा, छताखाली झाकलेला ग्रह इथे पहिल्यांदा मोहल्ल्या-मोहल्ल्यांनी भेटतो. विभागागणिक खाणं वेगळं, कपडे वेगळे, केसांविषयीच्या रीती वेगळ्या. पहिल्या पुस्तकातल्या पंचवीस-तीस पानांच्या ट्रँटॉरशी ताडून पाहण्याजोगं आहे हे सगळं. बाकी कथा धावपळीची आहे, चटकन वाचून होते.

'फॉरवर्ड' वेगळं. असिमोव्ह 6 एप्रिल 1992 रोजी गेला, आणि हे त्याच्या शेवटच्या लेखनापैकी आहे. सेल्डन दर भागात दहा-दहा वर्षांनी म्हातारा होतो आणि दर भागात एक जिवलग माणूस गमावतो. ज्या गणितात एकट्या माणसाला जागा नाही ते गणित लिहिणारा माणूस एकेकाला निरोप देत इथे एकटा पडत जातो. इतर लेखकांनी नंतर परवानगीने लिहिलेली तीन पुस्तकं आहेत. ती याच्यानंतर लगेच घेऊ नका.

त्याऐवजी 'फाउंडेशन' चा पहिला भाग पुन्हा उघडा. गाल डॉर्निक नावाचा तरुण गणिती पहिल्यांदाच ट्रँटॉरवर उतरतो, मनोऱ्यावर जाऊन शहर बघतो आणि खोलीवर परततो तेव्हा एक म्हातारा त्याची वाट पाहत बसलेला असतो. पहिल्या वाचनात तो म्हातारा तुमच्यासाठी कोणी नव्हता. आता तो बोलायला लागायच्या आधी, खुर्चीत तसाच बसलेला असताना, त्याच्याबद्दल काय वाटतं ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहा.